चार घास पोटात जाईपर्यंत

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, बॉम्बस्फोटात आपले माजी पंतप्रधान गेले, ती बातमी तुला कळली तेव्हा तू कुठे होतीस?" घरातल्या मोठ्या माणसांना असं काहीतरी विचारून यायला तिला शाळेत सांगितलं होतं. तेवढ्यात तिची बस आली आणि "नंतर सांग" म्हणून ती पळाली. फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहून पाठवते आहे. दोघं मिळून वाचा. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा.

एका ओळीत उत्तर द्यायचं तर, मी गच्चीवर कुरडया घालत होते. पण ते पूर्ण खरं नाही. मी गच्चीवर होते तेव्हा आमच्या गल्लीत ती बातमी सगळ्यांना कळलेली होती. मला सोडून.

पुढचं नीट समजायला दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे, तुमचे आजोबा तेव्हा मद्रासला होते. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत ते नोकरीला होते, तिथले ओतीव भागांचे नमुने एका कारखान्याला दाखवायला ते गेले होते. स्फोट झाला तो मद्रासजवळच्या एका गावात, रात्री, निवडणुकीच्या सभेच्या जागी. किती जवळ, कोणत्या दिशेला, हे कोल्हापुरात कोणालाच ठाऊक नव्हतं. रेडिओ 'मद्रासजवळ' म्हणाला आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीने त्यातलं 'मद्रास' तेवढं धरून ठेवलं. त्यात तुमच्या आजोबांना सभांचं भारी वेड. कोणत्याही पक्षाची सभा असो, हातात दाण्यांची पुडी घेऊन हे मागे उभे. भाषा कळायलाच हवी असंही नाही. "आवाजाचा चढउतार ऐकायचा असतो," म्हणायचे. हे वेड गल्लीला माहीत होतं, आणि त्यांच्या आईला तर होतंच.

दुसरी गोष्ट आमच्याकडच्या एका रीतीची. उपाशी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. आधी चार घास पोटात जाऊ द्यायचे, मग सांगायचं. गावाकडून कोणी तसला निरोप घेऊन आला, तरी दारात चप्पल काढता काढता तो आधी "जेवण झालं का?" एवढंच विचारायचा. माझ्या सासूबाई ही रीत अगदी कडक पाळायच्या. आम्ही सगळ्या सुना त्यांना आत्ती म्हणायचो.

आता ती सकाळ.

मे महिना होता. तुमचा बाबा आणि आत्या सुट्टीला मामाकडे गेले होते. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं, मग वाटून, पिळून त्यांचा चीक काढून ठेवलेला. चीक म्हणजे गव्हाचं पांढरंशुभ्र दूधच म्हणा. तो एकदा तयार झाला की थांबत नाही, आंबून जातो. म्हणून त्या दिवशी उजाडायच्या आधीच मी गच्चीवर तीन दगडांची चूल मांडली, आधण ठेवलं आणि चीक शिजवायला घेतला. खाली काय चाललंय याच्याशी माझा संबंध तिथेच संपला.

सहाच्या सुमाराला आत्ती वर आल्या. रोज त्यांचा आवाज आधी यायचा आणि मग त्या. त्या दिवशी त्या नुसत्या आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "पेपर आला का हो आत्ती?"

"न्हाई आला."

"आणि रेडिओ का नाही लावला?"

"सेल गेल्यात. तू ढवळ की, खाली लागंल."

मी ढवळत राहिले. वाफेतून पलीकडचं सगळं हलत होतं, पाण्यातून बघावं तसं. दूर पन्हाळ्याची कड निळसर धुरकट दिसत होती. कितीतरी दिवस गल्लीतून प्रचाराच्या जीपगाड्या कर्णे लावून फिरत होत्या, त्यांनी जीव नकोसा केला होता. त्या सकाळी एकही आली नाही. तालमीतून शड्डू ऐकू येत नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानाची फळी उघडल्याचा आवाज नव्हता. मला आठवतं, मी मनात म्हटलं, किती छान सकाळ आहे ही. कोल्हापूरला आज कोणीतरी बोट दाखवून गप्प बसवलंय.

मग बायका आल्या. समोरच्या घरातल्या अक्का आल्या. त्यांचं जैन कुटुंब पिढ्यान्पिढ्या व्यापारातलं, आणि गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे. शेजारच्या वैनी आल्या. या वैनी म्हणजे बोलायला लागल्या की पलीकडच्या पेठेत ऐकू जावं अशा. कुरडया घालायला एकमेकींकडे जायची पद्धतच होती, त्यामुळे त्या आल्या यात मला नवल वाटलं नाही. त्या हळू बोलत होत्या, याचं मात्र वाटलं. वैनींनी माझ्या हातातला सोऱ्या अलगद काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा वाईच. मी दाबते."

"का हो? माझ्या वळत नाहीत की काय?"

"वळत्यात की. तुमच्या कुरडया म्हंजे शाळेतल्या पोरी प्रार्थनेला उभ्या केल्यागत, एका रांगंत. एक जरा सरकली तर तिला छड्या." आणि मग, हसायच्या ऐवजी, त्यांनी माझ्या कपाळावर आलेले केस कानामागे सारले. माझ्या आईनंतर कोणी असं केलं नव्हतं.

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणून गल्ली माझ्याशी जरा अंतर राखूनच असायची. त्या दिवशी ते अंतर कुठे गेलं कळेना. अक्कांनी वाटीत गरम चीक घेतला, त्यावर दूध आणि साखर घातली आणि माझ्यापुढे धरला. "खा गं. गरम हाय तंवर खा."

"सगळ्या घालून होऊ द्या अक्का. मग आंघोळ करून नीट जेवीन."

माझा नियमच होता तो. हातातलं काम संपल्याशिवाय खायचं नाही. अक्कांनी आत्तींकडे पाहिलं. आत्ती म्हणाल्या, "आगं, घास खाल्लास तर काय कुरडया उडून जाणार हायत?"

"आत्ती, तुम्हीच तर सांगता, उष्ट्या हाताने वाळवण करू नये."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याच शब्दात मी त्यांना अडकवलं होतं, आणि मला त्याची गंमत वाटत होती.

थोड्या वेळाने वैनी खाली जाऊन पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मी नको म्हटलं. मग केळं आणलं. तेही नको. "बाई, तुमचा काय आज निर्जळी हाय का?" त्या जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाल्या, आणि मी मोठ्याने हसले. कोणीच हसलं नाही. मला वाटलं, उन्हाने दमल्या असतील.

मध्येच कधीतरी समोरच्या खिडकीत अक्कांचे यजमान दिसले. त्यांना गल्ली अण्णा म्हणायची. ते खुर्चीत बसून फोनचे आकडे फिरवत होते. बराच वेळ. मग त्यांनी वर आमच्या गच्चीकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "म्हस आटलीया. दूध न्हाई म्हणत्यात." मी दुधाची व्यवस्था मनातल्या मनात लावूनसुद्धा टाकली: आमच्याकडचं अर्धं त्यांना द्यायचं, संध्याकाळचा चहा कमी करायचा.

ऊन हळूहळू गच्चीभर पसरलं. पांढऱ्या कापडावर कुरडयांची चाकं उमटत गेली. सोऱ्या दाबताना बाहेर येणारी ती गरम, ओलसर तार, हिंगाचा वास, चुलीचा धूर, माझ्याभोवती तीन बायका आणि त्यांचा तो न समजणारा जिव्हाळा. एकीचा हात सारखा माझ्या पाठीवर. मला खरोखर असं वाटत होतं की मी पाण्यावर तरंगते आहे आणि खालून कोणीतरी मला धरून ठेवलंय. बाळांनो, देशाच्या इतक्या वाईट दिवसाची माझी आठवण अशी आहे. कितीदा तपासून पाहिली तरी ती अशीच निघते.

शेवटचा गोळा दहाच्या पुढे संपला. मी खाली जाऊन आंघोळ केली. बाहेर आले तर पाट मांडलेला, ताट वाढलेलं. आत्ती समोर मांडी घालून बसल्या. मी जेवत होते आणि त्या माझा प्रत्येक घास बघत होत्या. अर्धी भाकरी आणखी टाकली. मी "पुरे" म्हटलं, तर म्हणाल्या, "तेवढं ताक पी." दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी ताक प्यायले. हात धुतला. तेव्हा आत्ती उठल्या, भिंतीशी रचलेल्या गाद्यांमधून त्यांनी घडी केलेला पेपर काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाच. आणि ऐक, अजून कायबी कळलेलं न्हाई. वाईट कळलंय असं न्हाई. कळलेलं न्हाई एवढंच."

मी वाचलं. मथळा, त्याखालचं गावाचं नाव, त्याखाली मद्रास. पुन्हा एकदा वाचलं. रडू आलं नाही. आला तो राग.

"तुम्हाला कधी कळलं?"

"उजाडताना."

"म्हणजे मी वर हसत होते, आणि तुम्ही सगळ्या..."

"व्हय."

"मला का नाही सांगितलं? मी काय लहान आहे?"

"सांगून काय केलं असतंस? मद्रासला पळाली असतीस? फोन लागत न्हाई. अण्णा सकाळधरनं बोटं झिजवाय लागलाय. तुझ्या जिवाला घोर तेवढा चार तास कमी." मग थांबून, हळू आवाजात, "आता लई येळ जायचाय बघ. रिकाम्या पोटी निभत न्हाई त्ये."

पुढची दुपार मी अक्कांच्या ओसरीवर काढली, फोनकडे बघत. भावाचा शाळेतला जुना ॲटलास आमच्याकडे होता, तो मांडीवर घेऊन मद्रासभोवती बोट फिरवत होते. ते गाव त्यात नव्हतंच. अण्णा आकडे फिरवायचे, पलीकडून नुसती खरखर यायची. अधूनमधून रस्त्यावरून माणसं जायची, हळू बोलत. कोणी म्हणे तिकडे दंगल झाली, कोणी म्हणे गाड्या बंद. रेडिओवर सनई नव्हती, गाणी नव्हती, नुसतं सारंगीसारखं काहीतरी ओढत होतं. ऊन भिंतीवरून सरकत जिन्यापर्यंत गेलं. मी सकाळचा गच्चीवरचा वेळ पुन्हा पुन्हा मनात आणत होते आणि त्यात तुमचे आजोबा कुठेतरी जिवंत आहेत असं ठरवत होते. कारण मी हसले तेव्हा मला काही जाणवलं नव्हतं. जाणवलं असतं ना, असं मी स्वतःला बजावत होते.

दिवेलागणीच्या आधी फोन वाजला. अण्णांनी उचलला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"हॅलो, मी बोलतोय." तुमचे आजोबा. "इथं सगळं बंद आहे. आत्ता एक एसटीडी बूथ उघडला, पन्नास माणसं रांगेत आहेत. मी लॉजवरच होतो गं, पोट बिघडलं होतं काल. आईला सांग. गाड्या सुरू झाल्या की..." आणि लाइन तुटली.

पोट बिघडलं होतं, म्हणून ते कुठेच गेले नव्हते. सभेला गेले असते की नाही, ते गाव त्यांच्या लॉजपासून किती लांब होतं, हे आम्ही पुढे अनेक वर्षं बोलत आलो. तेव्हा यातलं काहीच सुचलं नाही. मी रस्ता ओलांडून घरी गेले. अनवाणी.

आत्ती स्वयंपाकघरात अंधारातच बसल्या होत्या. मी म्हटलं, "बरे आहेत. फोन आला होता. लॉजवरच होते."

मी दिवा लावला. तेव्हा मला ओट्यावर सकाळची त्यांची भाकरी दिसली, झाकून ठेवलेली, तशीच. चहाचा कपही तसाच, वर साय धरलेला. बातमी आली तेव्हा त्याही उपाशीच होत्या, त्यांना कोणी आधी भरवलं नव्हतं. मुलगा त्यांचा होता. त्यांनी ती बातमी रिकाम्या पोटी ऐकली आणि दिवसभर तशीच पोटात ठेवली.

मी पिठलं गरम केलं आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पहिला घास उचलला आणि अचानक विचारलं, "पोट बिघडलंतं म्हणला?"

"हो."

"मी सांगितलं हुतं त्याला. तिकडचं आंबट खाऊ नगंस म्हणून. ऐकतंय कुठं त्ये." आणि त्या हसायला लागल्या. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू आवरेना. दोघी जमिनीवर बसून हसत होतो. बाहेर चौकात कोणीतरी फोटो लावून हार घातला होता, मेणबत्त्या पेटवल्या होत्या, बायका रडत होत्या. रडणं आम्हालाही येत होतं. माजी पंतप्रधान गेले होते, तरुण माणूस, त्यांच्या घरी बायको होती, मुलं होती. पण त्या क्षणी आमच्या घरात आनंद होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

आत्तींनी पदराने तोंड पुसलं आणि पायाने दार लोटलं. "हळू हास गं," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर लोक हायती."