सरव्याचा गहू

मी बी.ए. होईपर्यंत आमच्या घरात विकतचा गहू आलेला मला आठवत नाही. जो यायचा तो सरव्याचा. पीक कापून सोंगणी झाल्यावर वावरात ज्या ओंब्या पडून राहतात त्या वेचायच्या, त्याला सरवा म्हणतात. आमचं गाव हसनाबादच्या अलीकडे. ज्यांच्या विहिरीला पाणी, त्यांच्याकडेच गहू. माय त्यांच्या सोंगणीला रोजानं जायची. दिवस उतरला, बाकीच्या बाया घराकडे निघाल्या, की मालकाला विचारून ती मागं थांबायची आणि वाकून वाकून एकेक ओंबी पदराच्या ओट्यात टाकायची. सगळा हंगाम वेचलं की तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा भरायचा. तेवढाच आमच्या घरचा वर्षाचा गहू.

बाप जालन्याला सळईच्या कारखान्यात रोजंदारीवर होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. आम्ही तीन लेकरं. मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी. रेशनवर मिळायची ती हायब्रीड ज्वारी. तिची भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची. मी आणि भाऊ ती खायचो. डब्यातला गहू आमचा नव्हता. तो धाकटीचा होता.

धाकटी अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती. खायला लागली तशी तिची तब्येत बिघडली. पोट टम्म, हातपाय काड्या, दिवसातून सहा-सात वेळा जुलाब. शेजारच्या बाया म्हणायच्या मुडदूस झालाय. आठवड्याला गावात येणारा डॉक्टर म्हणाला, "भाकरी जड पडते लेकराला. मऊ पोळी द्या, दूध द्या." मायनं ते मनावर घेतलं. रोज एक पोळी, दुधात चुरून, तिच्या एकटीची. आम्ही बघत बसायचो. एकदा भावानं वाटीतला घास उचलून तोंडात टाकला तर मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"तुला भाकर पचती ना रे भाड्या? तिला पचत न्हाई!"

आषाढात डबा तळाला जायचा. मग धाकटीलाही ज्वारीच्या कण्या, नाहीतर तांदळाची पेज. आणि त्या दिवसांत ती बरी व्हायची. पोळ्याला बैलांच्या मागं माझा हात धरून पळालेली मला आठवते. मग होळी व्हायची, नवा गहू यायचा, डबा भरायचा आणि पोरगी पुन्हा अंथरुणाला लागायची. मायनं यावरून एक गोष्ट ठरवून टाकली होती. "हिला उन्हाळा सोसत न्हाई." म्हणून दाराला ओलं फडकं बांधायची, तिच्या झग्याच्या खिशात कांदा ठेवायची, टाळूला पाण्याचा हात लावायची.

चौथ्या उन्हाळ्यात धाकटी गेली. वैशाख होता. मी तेव्हा पाचवीत होते. त्या सकाळी मायनं तिला दूधपोळीचे दोन घास भरवले होते. पुढं कुणीही धाकटीचा विषय काढला की माय शेवटी एवढंच म्हणायची, "उपाशी गेली न्हाई माझी लेक." हे ती रडत म्हणायची नाही. तिच्याजवळ तेवढंच शिल्लक होतं.

मी शिकले. आमच्या घरातली, आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. हे लिहिताना मी लाजत नाही. बी.एड. केलं, शिक्षिका झाले, भोकरदनला खोली करून राहू लागले. लग्न केलं नाही. पहिल्या पगाराचं मी गव्हाचं पोतं आणलं. मायनं ते सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातले आणि तशीच बसून राहिली.

"आता रोज पोळ्या," मी म्हणाले.

"तिला मिळाल्या असत्या," ती म्हणाली.

बाप गेल्यावर माय कधी माझ्याकडे, कधी गावात भावाकडे राहायची. माझ्याकडे असली की रोज पोळ्या. भाकरी म्हणजे गरिबीची आठवण, ती आम्ही घराबाहेर काढली होती. आणि मी वाळत चालले होते. रक्त कमी, केस गळणं, पोट सदाच बिघडलेलं. लोहाच्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या याचा हिशेब नाही. एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता वर्गात पडले. मग संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरकडे गेले. रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. निदान झालं सिलिॲकचं. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून समजावलं. गव्हात एक पदार्थ असतो, काही माणसांचं आतडं त्यानं झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. गहू, मैदा, रवा आयुष्यभर बंद.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? लहान मूल वगैरे?"

मी धाकटीचं सांगितलं. सगळं सांगितलं, उन्हाळ्याचंही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आता खात्रीनं काही म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "पण आई आणि भाऊ दोघांची तपासणी करून घ्या. आणि घरात एखादं लेकरू वाढत नसेल, तर त्याची आधी."

माय बाहेर बाकावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणला?"

"गहू खायचा न्हाई म्हणला. बिलकुल न्हाई."

ती हसली. "एवढंच? मंग भाकर खा की! भाकर खाऊनच मोठी झालीस. म्या म्हणलं काय सांगतो न् काय न्हाई."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी होती. बाहेर बघत होती. मग तोंड न वळवता म्हणाली, "लहान लेकराला बी होतो का गं हा रोग?"

"न्हाई," मी म्हणाले. "मोठ्यालाच होतो."

माय निरक्षर. घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचून सांगायची आणि मी सांगितलं म्हणजे ते तसंच आहे, अशी तिची खात्री होती. "माझी लेक बी.ए. हाये, तिनं वाचलंय," असं ती तलाठ्यालाही ऐकवायची. त्यामुळे ते खोटं तिला पटायला क्षणही लागला नाही. भावाला मी तेच सांगितलं. माय त्याच्याच घरी जाऊन राहायची, त्याला खरं सांगितलं असतं तर ते तिला कळलंच असतं. तपासणीचं मी कुणापाशी काढलं नाही.

माझं पथ्य मायनंच हातात घेतलं. पोत्यातला उरलेला गहू वाटून टाकला, ज्वारी आणली. तरी सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये फरक दिसेना. डॉक्टरांनी विचारलं, दळण कुठं दळता? माय माझ्याबरोबर गिरणीत आली. आमच्या आधी कुणाचा तरी गहू होता. तो संपला तशी गिरणीवाल्यानं त्याच तोंडात आमची ज्वारी ओतली. खाली पहिलं जे पीठ पडलं ते ज्वारीचं नव्हतंच.

"अगं माय! हे तर त्यांचंच पीठ पडून राह्यलंय आपल्या डब्यात."

दुसऱ्याच दिवशी तिनं गावातून जातं आणवलं. दोन माणसांनी रिक्षातून उतरवलं. साठी ओलांडलेली बाई रोज सकाळी माझ्यापुरतं दळायला बसू लागली.

नात्यातल्या लग्नांत मी पंगतीत बसून पिशवीतून माझा डबा काढायची. एकदा मावशी वाढता वाढता मोठ्यानं म्हणाली, "मास्तरीणबाईला आता आपल्या हातचं चालत न्हाई!" सगळे हसले. आम्ही बौद्ध. आमच्या आजा-पणजांच्या हातचं लोक पाणी पीत नव्हते, ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी मावशीला आजार समजावला. ती म्हणाली, "गव्हाचा कधी रोग असतो व्हय? खोटं तरी बराबर बोलावं." मी खरं बोलत होते. जिथं खोटं बोलले होते तिथं कुणाला शंकाही आली नव्हती.

जात्यावरचं पीठ सुरू झाल्यावर पाच-सहा महिन्यांत माझी तब्येत सुधारली. रक्त वाढलं, दोन जिने धाप न लागता चढू लागले. भावाच्या पोरीला तेव्हा पाचवं चालू होतं. बारीक होती. भावजय फोनवर म्हणायची, "ताई, हिच्या तोंडाला चवच न्हाई." मी म्हणायची, चण बारीक आहे, खाईल. मला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. वर्षभर मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी गेले. माय महिनाभर आधीच तिकडं गेली होती. दुपार होती. दाराला ओलं फडकं बांधलेलं लांबूनच दिसलं. ते बाजूला करून आत गेले तर मायच्या मांडीवर भाची, समोर वाटी, वाटीत दूधपोळी. पोरीच्या फ्रॉकच्या खिशातून कांदा डोकावत होता.

"काय झालं हिला?"

"काही न्हाई गं," माय घास मळत म्हणाली. "दहा दिवस झाले, जुलाब थांबंना. उन्हाळा सोसत न्हाई हिला बी."

मी पिशवी खाली ठेवली नाही. तशीच वाकले आणि वाटी उचलली.

"हे देऊ नको तिला."

"का? सकाळपासून काही न्हाई तिच्या पोटात."

"गव्हाचं हाये ते, माय."

ती माझ्याकडे बघत राहिली. भावजय चुलीपासून उठून दारात आली होती. पोरीच्या तोंडात अजून घास होता.

"तू तर म्हणल्ती, मोठ्यालाच होतो."

मी वाटी पाठीमागं धरली. मी बी.ए., बी.एड., रोज चाळीस पोरांपुढं बोलणारी.

"धाकटी पावसाळ्यात बरी राह्यची," माय म्हणाली. ती मला सांगत नव्हती. "डबा सरला की बरी राह्यची." तिनं दाराच्या फडक्याकडे बघितलं. "म्हंजे उन्हाळा न्हवताच."

मग तिनं पोरीच्या तोंडात बोट घातलं, आतला घास काढला आणि पदराला पुसला.

मी तिच्याजवळ बसले. म्हणाले, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्या डॉक्टरलाही नव्हतं, त्यानंच तर पोळी सांगितली. शिवाय धाकटीला हाच रोग होता असं आज कुणी नक्की म्हणू शकत नाही.

"मला म्हाईत न्हवतं," माय म्हणाली. "तुला व्हतं. ही समदं वरीस पोळी खात राह्यली."

मी उठून वाटीतली दूधपोळी बाहेर टाकली.

संध्याकाळी ती जाग्यावरून उठली नाही. भाऊ कामावरून आला, त्याला सगळं सांगितलं. तो तिच्या पायाशी बसला. तिला हसवावं म्हणून बोलला असेल, "माय, त्या घासापायी मला धपाटा हाणल्ता तू. ध्यानात हाये का?" ती हसली नाही. म्हणाली, "तुलाच सगळं खाऊ द्यायला पाह्यजे व्हतं." आणि मग पहिल्यांदा रडली. "तिच्यासाठी वेचला व्हता रे. दुसऱ्या कुणाला घासभर दिला न्हाई."

आठवड्यात आम्ही सगळे संभाजीनगरला गेलो. भाचीचं रक्त घेतलं, पुढं नळीची तपासणीही झाली. तिला सिलिॲक निघाला. तेव्हा तिचं वजन साडेबारा किलो होतं. भावाचा रिपोर्ट चांगला आला. मायचाही चांगला आला, त्याचंच तिला वाईट वाटलं. येताना बसमध्ये भाची माझ्या मांडीवर होती.

"आत्या, तू बी पोळी खात न्हाईस?"

"न्हाई."

"बिस्कुट?"

"ते बी न्हाई."

तिनं विचार केला. "मंग आपली दोघींची एक टीम."

मायनं भावाच्या घरातला गहू त्याच दिवशी बाहेर काढला. जातं माझ्याकडून पुन्हा गावाला गेलं. मी तिथं विजेची घरघंटीही घेऊन दिली, तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. तरी भाचीचं पीठ माय जात्यावरच दळते.

"उपाशी गेली न्हाई माझी लेक" हे वाक्य तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. धाकटीचा विषय निघाला की ती उठून कामाला लागते. माझ्याशी बोलते, सगळं बोलते, माझ्या भाकरीवर तिळाची चटणी आठवणीनं ठेवते. पण भाचीचा रिपोर्ट आला की मी तो वाचून दाखवते, माय ऐकून घेते, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद घडी घालून मेडिकलवाल्या पोराकडून पुन्हा वाचून घेते. मी ते बघितलेलं तिला माहीत आहे.

या जूनमध्ये भाची पहिलीत गेली. शाळेत वजन केलं, सतरा किलो भरलं. सरत्या उन्हाळ्यात ती एकदाही आजारी पडली नाही.