बसव्वाच्या चौसष्ट शिंदी

तुला लेकरं किती, असं बसव्वाला कुणी विचारलं की ती म्हणायची, “एक मेहकरला दिली, अन् चौसष्ट वढ्यावर उभी हायत.” मेहकरची म्हणजे शिवगंगा, तिची एकुलती एक लेक. ओढ्यावरच्या चौसष्ट म्हणजे शिंदीची झाडं. विचारणारा हसायचा. बसव्वा हसायची नाही, कारण ती थट्टा करत नव्हती.

भालकीपासून दोन कोसांवरचं हे गाव, निजामाच्या मुलखातलं. गावकुसाबाहेर बसव्वाचं खोपट आणि तिथून हाकेच्या अंतरावर ओढा. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासूनं, चन्नव्वानं, चूल दाखवायच्या आधी तिला ओढ्यावर नेलं. शिंदीच्या झावळ्यांच्या केरसुण्या आणि चटया विकून घर चालायचं. सासूनं कोयता हातात दिला आणि बजावलं, खालच्या दोन फेऱ्यांच्या झावळ्या काढायच्या, मधल्या उभ्या झावळ्यांना हात लावायचा नाही. ज्या झाडाला सुगरणींचे खोपे लटकलेत त्या झाडाकडं पिलं उडून जाईपर्यंत फिरकायचंसुद्धा नाही. “लिंबाचं डोस्कं छाटलं तर धा फुटवे येत्यात. शिंदीला डोस्कं एकच. ते गेलं की संपलं,” चन्नव्वा म्हणाली होती. सासू गेली, नवरा गेला, पण बसव्वानं तो नेम पंचवीस वर्षं पाळला.

गावाला त्या झाडांचं फार कौतुक होतं अशातला भाग नाही. आजूबाजूचे ओढे माघातच कोरडे पडत, इथं चैत्रातही म्हशी डुंबत. त्याचं श्रेय गाव मारुतीला देऊन मोकळं व्हायचं. बसव्वा मात्र रोज बघत होती. पावसाळ्यात लोंढा यायचा तो शिंदीच्या मुळ्यांत अडायचा, मंदावायचा, आणि थडीतच मुरायचा. उन्हाळ्याच्या अखेरीला फळं पिकली की कोल्हे ती खायचे आणि बिया रानभर टाकत हिंडायचे. त्यातून उगवलेल्या रोपट्यांना बसव्वा बाभळीचे काटे लावून शेळ्यांपासून राखायची. कुणी तिला हे काम सांगितलं नव्हतं. गावातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सरकारला शिंदीत एकच गोष्ट दिसायची, ती म्हणजे मडक्यात टपकणारी नशा. दरवर्षी भादव्यात आबकारीचे लोक यायचे. ज्या झाडांना रसाचा ठेका घेतलेला गुत्तेदार मडकी बांधणार, त्यांच्या खोडावर हातभर जागा तासून ते डांबरानं नंबर घालायचे. कोवळी झाडं आणि रस काढून थकलेली झाडं बिननंबरची राहायची. सत्तेचाळीसच्या भादव्यात बावीस झाडांवर नंबर पडले.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि हैदराबाद तेवढं निजामाच्या मुठीत राहिलं होतं. खालच्या अंगाच्या दोन गावांत चळवळीतल्या पोरांनी रातोरात शिंदीची बनं आडवी केल्याची बातमी आली. तिसऱ्या दिवशी श्रीमंत ओढ्यावर आला.

श्रीमंत हा गावातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा, गुलबर्ग्याला शिकून आलेला. पांढरी टोपी घालायला लागल्यापासून तो बसव्वाला अक्का म्हणू लागला होता, त्याआधी ती ‘ए बसव्वा’ होती. मला मालक म्हणू नकोस, असंही त्यानं तिला दोनदा सांगून पाहिलं होतं. तिची जीभ वळत नव्हती.

“अक्का, ही झाडं पाडायची हायत,” तो म्हणाला.

“कामून, मालक?”

“एकेका शिंदीमागं निजामाच्या खजिन्यात पैसा पडायलाय. त्याच पैशावर रझाकार पोसायलेत. झाडच न्हाई म्हटल्यावर कशाचा पैसा?”

“मग मडकी फोडा की! झाडानं काय केलंय?”

“मडकी काय, दुसऱ्या दिशी नवी येत्यात.” श्रीमंत समजुतीच्या सुरात बोलत होता. “आणि तू घाबरायलीस कशाला? राज्य आपलं झालं की झाडं पुन्हा फुटतील.”

श्रीमंतला ज्वारीच्या ताटावरून पेरणीची तारीख सांगता यायची. पण शिंदी म्हणजे ओढ्याकाठची फुकटची गोष्ट. तिच्याकडं वर मान करून त्यानं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

“शिंदी फुटत न्हाई, मालक,” बसव्वा म्हणाली. “एकडाव पडली की पडली. कसलं बी राज्य आलं तरी.”

पोरगा मनाचा वाईट नव्हता. शेवटी म्हणाला, “बरं. नंबरच्या तेवढ्याच पाडू. बिननंबरच्या शिंदीला कुऱ्हाड लागणार न्हाई, हा माझा शब्द. आणि येत्या बाजारच्या दिशी तू भालकीला जा. उद्या पोलिसांनी विचारलं तर तू हितं नव्हतीसच.”

श्रीमंत गेला तशी बसव्वा भाकरी टाकून उठली. बावीस झाडं म्हणजे कुठली, हे तिला नंबर न बघताही ठाऊक होतं. पाण्यावर वाकलेली कुबडी त्यात होती, एका बुंध्यातून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या जावाजावा होत्या. नऊ झाडांना खोपे होते आणि खोप्यांत पिलं होती. ती झाडाझाडाखाली बसून राहिली. बसता बसता तिच्या मनानं घेतलं, की झाडाचा गुन्हा काय, तर त्याच्या अंगावर नंबर आहे. नंबरच नसला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कामाला लागली. कोयत्याच्या पाठीनं डांबर खरवडायचं, वर ओढ्याचा काळा चिखल लिंपायचा, म्हणजे तासलेली जागा उठून दिसायला नको. आबकारीचा नंबर पुसणं म्हणजे तुरुंगच. वाटेवर कुणाच्या वहाणा वाजल्या की ती कोयता झावळ्यांखाली सरकवायची. दुपारी आबकारीचा जवान खरंच आला. बसव्वा ओल्या चिखलाला पाठ लावून बसली आणि झावळ्या सोलू लागली. तो तिच्यासमोर उभा राहून विडी ओढत राहिला. पाठीवरून चिखलाचा ओघळ खाली उतरत होता आणि कपाळावरून घामाचा.

“क्यों री बुढ्ढी, घर को झाडू नहीं,” तो म्हणाला.

बसव्वानं दोन केरसुण्या पुढं केल्या. तिसरीही दिली. इतक्या खुशीनं तिनं आबकारीला कधीच काही दिलं नसेल. तो गेल्यावर तिनं पाठीनं पुसला गेलेला चिखल पुन्हा लिंपला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बाविसावा नंबर पुसून झाला. त्या रात्री पाऊसही आला आणि सकाळी चौसष्ट झाडं सारखी दिसू लागली, काळी, ओली, कुणाचीच नसलेली. बसव्वाला हायसं वाटलं.

बाजारच्या दिवशी ती डोईवर केरसुण्यांचा भारा घेऊन भालकीला गेली. दोन प्रहरांपर्यंत भारा संपला. तिनं पदरात बत्तासे बांधून घेतले, शिवगंगेच्या पोरांसाठी. कितीतरी दिवसांनी ती वाटेनं कानडी गाणं गुणगुणत आली. चिंचेच्या वळणावर आलं की शिंदीचे शेंडे दिसायचे. तिनं सवयीनं मान वर केली, आणि तिला नुसतं आभाळ दिसलं.

ओढ्याच्या काठाला भीमण्णा बसला होता. म्हशी राखणारा म्हातारा. त्याच्या म्हशी आडव्या पडलेल्या खोडांमधून वाट शोधत होत्या. सुगरणी वर घिरट्या घालत कलकलाट करत होत्या, त्यांना उतरायला जागा नव्हती.

“सगळ्याच?” बसव्वानं विचारलं.

“सगळ्याच की. तीसचाळीस जण व्हते, परगावचे. आपला श्रीमंत न्हवता. वारंट निघालं म्हनून परवाच सीमेपार गेला म्हनं तो. त्यानं सांगून धाडलं व्हतं, नंबरच्या तेवढ्याच पाडा.”

“मग?”

“लई येळ नंबर बघत फिरले बिचारे. एका बी झाडावर नंबर न्हाई. पोलीस यायच्या आत उरकायचं व्हतं. मग त्यांचा म्होरक्या म्हनला, कोनची कोनची बघत बसता, घाला कुऱ्हाड सरसकट.”

बसव्वा आडव्या पडलेल्या कुबडीपाशी जाऊन बसली. पदराची गाठ सुटून बत्तासे चिखलात पडले, ते तिला दिसलेही नाहीत.

पुढं पोलीस आले, चार जणांना बडवून गेले. बसव्वा बाजारात होती हे अख्ख्या गावानं सांगितलं, तिला कुणी बोटही लावलं नाही. गावातल्या बायका येऊन तिची समजूत घालत, श्रीमंतच्या नावानं बोटं मोडत. शब्द देऊन फिरला म्हणत. बसव्वा तोंडातून ब्र काढत नव्हती. आपलं नाव घेतलं जाईल याचं भय होतं, पण खरं सांगायचं तर आपल्या करणीपायी श्रीमंतचं नाव घेतलं जातंय हेच तिला जास्त टोचत होतं, आणि ते गिळून ती बसत होती. पडलेल्या झाडांच्या झावळ्यांनी तिचं खोपट छतापर्यंत भरलं. त्यात मधल्या उभ्या झावळ्याही होत्या, ज्यांना तिनं पंचवीस वर्षांत हात लावला नव्हता. वर्षभर ती त्यांच्याच केरसुण्या बांधत राहिली. कोवळ्या पात्याची केरसुणी चांगली होत नाही, लवकर झिजते.

पडलेल्या बनाच्या चिखलातून तिनं बिया वेचल्या आणि ओळीनं लावल्या. अठ्ठेचाळीसच्या आषाढात पहिला लोंढा आला तो कुठं न थांबता सरळ आला. उजवी थडी दहा हात कापून गेली, निम्म्या बिया गेल्या, गावाच्या आडात गाळ भरला. लोक म्हणाले, यंदा पाऊस वेगळाच हाय. बसव्वानं उरलेल्या रोपांना पुन्हा काटे लावले. पहिली केरसुणी निघायला आठदहा वर्षं जातील आणि तोवर आपण असू की नाही, याचा हिशेब तिच्या मनात सारखा चालू असायचा.

त्याच सालच्या भादव्यात भारताचं लष्कर आलं आणि निजामाचं राज्य संपलं. महिन्याभरात गावात झेंडावंदन ठरलं. मारुतीपुढचं पटांगण झाडायला बसव्वाच्या घरातल्या शेवटच्या केरसुण्या गेल्या. त्या दिवशी सकाळी श्रीमंत ओढ्यावर आला. वाळला होता, दाढी वाढली होती. हातात भाषणाचा कागद होता.

“अक्का, मी शब्द मोडला,” तो म्हणाला. “मी हितं नव्हतो, तरी माणसं माझीच. लोक तोंडावर बोलत न्हाईत, पर मला कळायलंय.” मग कागदाकडं बघत म्हणाला, “आज भाषणात सांगणार हाय मी, या गावानं चौसष्ट झाडं पाडून जुलमी राज्याला धक्का दिला म्हणून. निदान त्यांचं बलिदान तरी लोकांना...”

बसव्वा रोपांपाशी उकिडवी बसली होती. हात मातीत होते. गप्प राहिली असती तर जन्मभर निभावलं असतं. तो स्वतःहून दोष घ्यायला आला होता.

“नंबर मी खरवडले, मालक,” ती म्हणाली.

त्याला उमगलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, कोयता, चिखल, जवानाला दिलेल्या तीन केरसुण्या, सगळं. सांगताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. “तुमी शब्द पाळला व्हता. बावीसच सांगा तुमी. बाकीच्या बेचाळीस माझ्या हातनं गेल्या.”

श्रीमंत उभ्याचा खाली बसला, मातीतच. धुवट धोतराची त्याला पर्वा राहिली नाही. त्या वीतभर रोपांकडं बघत त्यानं भाषणाच्या कागदाची घडी घातली.

दुपारी झेंडा चढला. गाव पुढं बसलं, गावकुसाबाहेरचे मागं बसले, राज्य बदललं तरी तेवढं बदललं नव्हतं. श्रीमंत बोलायला उभा राहिला. “या गावानं,” तो म्हणाला आणि थांबला, “बावीस शिंदी पाडल्या.”

“चौसष्ट, चौसष्ट!” पुढून भीमण्णा ओरडला. लोक हसले. पोरगं गडबडलं म्हणाले.

“बावीस,” श्रीमंत पुन्हा म्हणाला, आणि त्याची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं गेली.

बसव्वानं पदर तोंडाला लावला. वर्षभरात तिला पहिल्यांदा रडू आलं.