रविवारच्या बिगरीतले तरे सर

दिगंबर तरे सरांची आणि माझी ओळख भेंडीवरून झाली. मी भिवंडीच्या शाळेत गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी चित्रकलेचे सर बसले होते आणि त्यांच्या पिशवीतून कारली नि कांदे डोकावत होते. शाळेआधीच बाजार उरकणारे गृहस्थ दिसतात, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात आमच्या सेविका सुमनमावशी ताट घेऊन आल्या. "सर, तुमच्या घरची भेंडी तशीच राह्यली होती, चिरून ठेवली. घरी नेऊन फोडणी द्या फक्त."

सरांनी ताटाकडे पाहिलं. ती भेंडी भाजीची नव्हतीच. तिच्या चकत्या रंगात बुडवून पाचवीच्या मुलांकडून फुलांचे ठसे उठवून घ्यायचे होते, आणि मावशींनी ती छान उभी चिरून ठेवली होती. दुसरं कोणी असतं तर मावशींची काही खैर नव्हती. सर म्हणाले, "बरं केलंत मावशी. फुलं रोजचीच झाली होती. आज होड्या करू." त्या तासाला निळ्या कागदांवर हिरव्या होड्यांची रांग लागली. खाडीकाठच्या अंजूर गावच्या मुलांना खाडी घरचीच, त्यांनी होड्यांना काड्यांच्या ठशांनी डोलकाठ्या लावल्या. सरांनी मावशींनाही बोलावून एक होडी उठवायला लावली. मी दाराशी उभी राहून हे पाहत होते आणि माझा तास सुरू झाल्याचं मला भान नव्हतं.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या कार्याचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. तो घेईनच, पण एक गोष्ट आधी सांगते, कारण ती आपणा सर्वांच्या कानांवर अर्धीमुर्धी आलेली आहे. गेल्या वर्षापासून सरांचा उजवा हात थरथरतो. गोळ्यांनी आवरेल, पण जाणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. आणि दिवाळीनंतर सरांनी आपला रविवारचा वर्ग बंद करायचं ठरवलं होतं.

हा वर्ग मोठ्या माणसांचा, आमच्याच शाळेत भरणारा. सर त्याला बिगरी म्हणतात, पहिलीच्याही आधीची. प्रवेशाची अट एकच: चित्र येता कामा नये. शाळेत असताना चित्रकलेची परीक्षा पास झालेले एक बँकेतले गृहस्थ मोठ्या हौसेने आले होते. सरांनी त्यांना चहा पाजला आणि "तुम्हाला येतं, तुम्ही घरी काढा" म्हणून गोड बोलून परत पाठवलं. मला मात्र लगेच प्रवेश मिळाला, कारण कंपासशिवाय माझ्या हातून गोल कधी आलेला नाही.

माझ्याबरोबरच पूर्णा गावचे दशरथदादा आले. त्यांच्या शेतावर गोदाम उभं राहिलं आणि सकाळी उठून जायला त्यांना जागाच उरली नाही. सुनेने बळेच धाडलं होतं. पहिल्या दिवशी ते ब्रश कोयत्यासारखा धरून बसले. "सर, माना चित्र न्हाय येत. शालंत पन कदी आलं न्हाय."

"म्हणून तर घेतलं तुम्हाला," सर म्हणाले आणि त्यांनी दादांच्या हातून ब्रश काढून घेऊन धागा दिला. कापडाच्या लूमवरचा टाकाऊ धागा भिवंडीत कोणीही ओंजळभर देतो. तो शाईत बुडवायचा, घडी घातलेल्या कागदात वेडावाकडा ठेवायचा, वरून तळहात दाबायचा आणि टोक धरून हळूच ओढायचा. दादांनी ओढला, घडी उघडली, तर आत मोरपिसासारखं काहीतरी उमटलेलं. "आयला! ह्ये मी केलं?" असं ते ओरडले आणि मग माझ्याकडे पाहून जीभ चावली.

असे किती खेळ सरांनी आम्हाला दिले! शहाळ्याच्या नळीने शाईचा थेंब फुंकून झाडं वाढवली. जुना टूथब्रश कंगव्यावर घासून पानांभोवती रंगाचे तुषार उडवले, त्यात माझी एक बरी साडी गेली. या सगळ्यात सरांनी आमच्या कागदाला कधीही हात लावला नाही. फळ्यावरही काही काढून दाखवलं नाही. "माझं पाहिलंत की तुम्ही माझंच काढाल," असं ते म्हणत. आणि सरांची रेघ काय होती हे तर सगळं गाव जाणतं! तरुणपणी त्यांनी रंगवलेल्या पाट्या बाजारात अजून टिकून आहेत. घरी टेबलावर ते शाईने खाडी काढत, आणि काठाची ती लांबलचक रेघ एका दमात येई. हे आम्ही त्यांच्या घरी गेल्यावर पाहायचो. वर्गात ते त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

माझी आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनी खूप समजावलं, आणि मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. तरे सर आले आणि जाताना पांढरा कागद नि तशीच पांढरी मेणबत्ती ठेवून गेले. "बाई, मेणबत्तीने काढा. वरून रंग फिरवेपर्यंत कोणालाही दिसत नाही. तुम्हालाही नाही." मी दार लावून घेतलं आणि त्या कागदावर पुष्कळ काही काढलं. रंग अजून फिरवलेला नाही. तो कागद माझ्या कपाटात आहे, आणि सरांनी आजवर त्याची चौकशी केलेली नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

तर दिवाळीनंतरच्या त्या रविवारी सरांनी वर्ग बंद करत असल्याचं सांगितलं. मी लगेच उभी राहिले. गणिताची शिक्षिका, गप्प कशी बसणार? "सर, आम्हाला एक तरी रेघ कधी काढून दाखवलीत? नाही ना? मग तुमचा हात थरथरला म्हणून वर्गाचं काय बिघडलं?" मला वाटलं, जिंकले.

"तुमचं बरोबर आहे बाई," सर म्हणाले. "वर्गाचं काहीच बिघडत नाही. पण इथून मी घरी जातो, तिथे टेबलावरचा कागद कोराच असतो. मला आता तुमची गंमत बघवत नाही."

इतकी वर्षं हा माणूस आम्हाला खेळवत होता, आणि त्याचा स्वतःचा खेळ मोडलाय हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात दशरथदादा बोलले. "सर, तुमाला पन चित्र न्हाय येत ना आता? मंग या की बिगरीत. हितं बसा आमच्यासंगं."

मी दादांवर डोळे वटारले. सरांचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

पुढचे काही रविवार आम्ही आमचे जमत राहिलो, पण मजा नव्हती. मग एका सकाळी सर आले. पुढे गेले नाहीत, मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. दादांनी त्यांच्यापुढे कागद आणि धागा ठेवला. सरांनी धागा बाजूला सारला आणि ब्रशच घेतला. खाडीचा काठ काढायला लागले. रेघ भलतीकडे गेली, अडखळली, तिथे रंग साचला. सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून पाहिलं, तेही जमलं नाही. कपाळावर घाम आला, तरी त्यांनी चित्र अर्ध्यावर सोडलं नाही. पूर्ण केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बाई, बरं झालंय का?"

अर्धी भिवंडी ज्यांना हे विचारत आली, ते मला विचारत होते. 'फार छान' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर तरे सर होते, त्यांना काय खोटं सांगायचं?

"नाही सर," मी म्हटलं. "अजून नाही झालं. दुसरा कागद घ्या."

सर हसले, दिवाळीनंतर पहिल्यांदाच, आणि कागदासाठी हात पुढे केला.

तेव्हापासून ते दर रविवारी बाकावर असतात. शिकवतातही, पण बसल्या जागेवरून, आणि आपला कागद पुढ्यात ठेवून. अशा लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. सरांचा हात पूर्वीसारखा होवो, असं मी म्हणणार नाही, कारण ते होणार नाही हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. सरांनी खूप जगावं. पाय धड राहावेत, शाळेचा जिना चढता यावा, आणि त्यांनी मनसोक्त कागद वाया घालवावेत. कागद पुरवायचं काम दशरथदादांनी अंगावर घेतलं आहे. ज्या रविवारी सरांचं चित्र होईल, त्या रविवारी मी "झालं" म्हणेन. त्याआधी म्हणणार नाही, आणि ते ऐकायला सरांनी माझ्या शेजारी असायला हवं.