धाकटीची भुवई

आमच्या चहा कंपनीत आप्पांच्या जिभेला जो मान होता, तो मालकीणबाईंच्या सहीलाही नव्हता. आप्पा म्हणजे मुख्य चाखणारे. सकाळी लांबलचक टेबलावर चाळीस पेले मांडून ठेवायचे हे माझं काम. मग आप्पा एका टोकाकडून निघायचे. चमचाभर चहा तोंडात असा ओढायचे, की रस्त्यावरचं कुत्रं दचकावं. सुर्रर्र! गालात घोळवायचे, पितळी भांड्यात थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे. "पोकळ." "भरदार." "जळका." त्या एका शब्दावर पेट्याच्या पेट्या परत जायच्या.

खोलीत नियम एकच. आप्पा बोलेपर्यंत, त्यांच्याबरोबर चाखणाऱ्या बाकीच्या चौघांनी चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. तोंडात जहर असेना का, चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा. हे सगळ्यांना जमायचं, धाकटीला सोडून. खात्यात सर्वांत नवी, म्हणून ती धाकटी. चहात खोट असली की तिची डावी भुवई आपली आपण वर जायची.

"भुवई खाली!" आप्पा गरजायचे. गेले चार महिने मात्र ते गरजेनासे झाले होते. आम्ही म्हटलं, चला, माणूस वयानं निवळला.

आप्पांचं निवृत्तीचं वय झालं होतं, पण बाईंना त्यांना आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायचं होतं. ते जाहीर करायला त्यांनी सगळ्या खात्याला शनिवारी संध्याकाळी इटालियन हॉटेलात जेवायला नेलं. गुपितच होतं ते, म्हणजे सर्वांना ठाऊक होतं. हॉटेल घरगुती. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, शेजारच्या टेबलावर तान्ह्या बाळासकट अख्खं कुटुंब, आणि प्रत्येक पदार्थ परातीएवढ्या भांड्यात मधोमध आणून ठेवायची पद्धत. ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं, लाजणारा उपाशी.

धाकटी सगळ्यांत शेवटी आली, आणि आली ती कपाळावर झालर पाडून. केस थेट डोळ्यांपर्यंत.

"अगं, खिडकीला पडदा लावलास की काय?" मी म्हटलं.

"पार्लरवाली म्हणाली, चेहरा भरतो."

आप्पा मात्र हसले नाहीत. त्या झालरीकडे बघत राहिले. "हे... कायमचं आहे का गं?"

"वाढेपर्यंत, आप्पा."

आप्पांनी पेलाभर पाणी एका दमात संपवलं. तेव्हा मला काही कळलं नाही.

सूप आलं. लालभडक, वर हिरवी पानं, वाफ अशी की चष्मे धुरकटले. बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. आम्ही सहा जणांनी चमचे भरले आणि सवयीनं एकदम ओढले. सुर्रर्र! शेजारचं बाळ रडायचं थांबलं. त्याच्या आजोबांच्या काट्यावरचा पास्ता सुटून परत ताटात पडला.

आणि मग आमच्या तोंडात जे होतं, ते आम्हाला कळलं.

सूप नव्हतं ते, मिठागर होतं! कोणीतरी मीठ दोनदा घातलं असावं, आणि दोन्ही वेळा मुठीनं. पण तोंड कोण उघडणार? आप्पा अजून बोलले नव्हते. पितळी भांडंही जवळ नव्हतं. मी काही चाखणारा नव्हे, पाणी उकळणारा; पण अठरा वर्षं त्या खोलीत काढल्यावर नियम हाडात मुरतो. सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणून गिळलं, चेहरा भिंत.

आप्पांनी धाकटीकडे पाहिलं. झालर. आमच्याकडे पाहिलं. भिंती.

"भरदार," आप्पा म्हणाले.

आप्पा चुकतील यापेक्षा माझी जीभ कामातून गेली, हे मानणं सोपं होतं. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण सगळ्यांनी मुकाट्यानं दुसरा चमचा भरला. पाचवा चालला होता तेव्हा बाई आल्या, बसल्या, एक घोट घेतला आणि तो सरळ टेबलक्लॉथवर परत केला.

"अरे, वेड लागलंय का तुम्हाला? पिताय काय हे!"

आचारी धावत आला, चव घेतली आणि कपाळाला हात लावला. "एवढं पोटात घातलंत? आणि एकजण बोलला नाही?"

सगळ्यांच्या नजरा आप्पांवर. त्यांनी चमचा हळूच खाली ठेवला.

"चार महिने झाले," ते म्हणाले. "सर्दी गेली, ती चव घेऊनच गेली. वासही नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिलो."

बाईंचा चेहरा पांढराफटक. "आप्पा, मग चार महिने माल पास कोणी केला?"

आप्पांनी धाकटीच्या झालरीकडे बोट केलं. "हिच्या भुवईनं. जराशी हलली की पोकळ. अर्ध्यावर गेली की आंबूस. केसांना भिडली की पेट्या परत."

धाकटीचा आ वासलेला. "म्हणजे मी सुधारले नव्हते? आप्पा, मी रोज आरशासमोर भुवई दाबून धरायचा सराव करत होते हो!"

"तो जमला असता," आप्पा म्हणाले, "तर कंपनी बुडाली असती."

बाईंनी पर्समधून पाकीट काढलं, तीन वर्षांचं पत्र होतं ते, नि नुसतंच हातात धरून बसल्या.

"ते फाडा बाई," आप्पा म्हणाले. "मी तुम्हाला फसवलं."

"फसवलंतच," बाई म्हणाल्या. त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं. "पण चार महिन्यांत एक तक्रार नाही आली." हे बोलताना त्यांचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. पत्र त्यांनी फाडलं, आणि धाकटीकडे वळल्या. "सोमवारी केस मागे बांधून ये."

सोमवारी मी चाळीस पेले मांडले. टेबलाच्या टोकाशी धाकटी उभी, केसांना चार चिमटे. महिनाअखेरपर्यंत आप्पा राहणार होते, तिला शब्द शिकवायला. ते बाजूच्या स्टुलावर वही घेऊन बसले. बाकीचे तिघे भिंत होऊन वाट बघत होते.

पहिला पेला. सुर्रर्र. भुवई अर्ध्यावर गेली. धाकटी आप्पांकडे बघत राहिली.

"बोल," आप्पा म्हणाले.

"दिसली ना तुम्हाला?"

"मला दिसली गं. यांना ऐकू येऊ दे."

ती भांड्यात थुंकली, तिनं ओठ पुसले.

"आंबूस," ती म्हणाली. मी पेला बाजूला काढला.