आत्याच्या गावातले तलाव

चहा गार होऊ देऊ नका, प्या. पण घोट जरा जपून घ्या, कारण मी सांगणार आहे तो माझा आजवरचा सगळ्यात मोठा पचका. आणि तो मी स्वतःच्या हाताने, रंगीत नकाशा काढून करून घेतलेला आहे.

मी नाशिकला भूगोलात एम.एस्सी. करत होते. भूगोल म्हटलं की लोक विचारतात, सगळ्या राजधान्या पाठ असतील ना? अहो, राजधान्या कसल्या! आमचं काम उपग्रहाच्या फोटोंवर. आकाशातून काढलेला फोटो कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, त्यात शेत कसं दिसतं, घर कसं दिसतं, पाणी कसं दिसतं हे सॉफ्टवेअरला शिकवायचं आणि अख्ख्या गावाचा नकाशा काढायचा. यात मी हुशार होते. खोटं कशाला बोलू? वर्गात कुणाचा नकाशा अडला की तो माझ्याकडेच यायचा.

डिग्रीसाठी शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. त्यात एक अट मोठी जाचक. नकाशा कितीही देखणा काढा, तो घेऊन त्या गावात जायचं, शेताशेतातून पायी हिंडायचं आणि नकाशात दाखवलंय ते जमिनीवर खरंच आहे का, ते तपासायचं. हे फील्डवर्क नाही तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर डिग्री नाही.

आता मला सांगा, उपग्रह बिचारा एवढ्या वर जाऊन फोटो काढतो, आणि मी खाली उन्हात उभी राहून त्याच्यावर संशय घ्यायचा? मला काही ते पटलं नाही.

गाव निवडलं ते आत्याचं, पिंपळगाव बसवंतच्या थोडं पुढे. लहानपणापासून दर सुट्टीत मी तिथे जायचे. जायचे म्हणजे काय, आत्याच्या ओट्यावर बसून खायचे आणि परत यायचे. शेतात कोण जातंय?

तर फोटो उघडला आणि बघते तो काय, गावभर चौकोनी, पांढुरके, चकचकीत तुकडे! मी एका नजरेत ओळखलं: शेततळी. शेतात खड्डा खणून, त्यात प्लास्टिक अंथरून पाणी साठवतात ना, ती. सॉफ्टवेअरला सांगितलं, बाबा रे, असं जे जे चमकेल ते पाणी. सॉफ्टवेअर आज्ञाधारक. त्याने निम्मं गाव निळं करून दिलं.

दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला अभिमान वाटला. आत्याच्या गावाने एवढी प्रगती केली आणि घरात कुणी बोललंही नाही! मी त्यावर जलसमृद्धीचं एक अख्खं प्रकरण लिहून काढलं.

आमच्या गाईड सरांनी विचारलं, फील्डवर्क झालं का? मी म्हटलं, "सर, आत्याचंच गाव आहे. कोपरा न् कोपरा ओळखीचा आहे." सर सज्जन माणूस. त्यांनी ते 'हो' धरलं आणि मी धरू दिलं.

फेब्रुवारीत सादरीकरण झालं. बाहेरून परीक्षक मॅडम आल्या होत्या. मी असं काही बोलले म्हणता! निळा नकाशा पडद्यावर आला तशी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, इतकी वर्षं या भागात काम करतेय, असं गाव पाहिलं नाही. हे बघायलाच हवं. सरांची छाती फुगली. त्यांनी लगेच दुसऱ्या दिवशीची बस ठरवली.

इथे कुणालाही घाम फुटला असता की नाही? मला नाही फुटला. माझा नकाशावर पूर्ण विश्वास! मीच म्हटलं, चला मॅडम, मी दाखवते.

संध्याकाळी आत्याला फोन केला. तिच्याकडे द्राक्षांची काढणी जोरात होती. म्हटलं, आमचं कॉलेज तुमची तळी बघायला येतंय.

"तळं? या की," आत्या म्हणाली. "पर त्यात बघण्यासारखं काय हाय?"

मी मनात म्हटलं, बघा, माणसाला आपल्याच गावाची किंमत नसते.

सकाळी अख्खा वर्ग निघाला. सरांनी पाण्याचे नमुने घ्यायला बाटल्या आणल्या होत्या. खोली मोजायला लांबलचक दोरी, तिच्या टोकाला वजन. एका मैत्रिणीने तर कपड्यांचा जादा जोड घेतला होता. पोहायची संधी कोण सोडतं!

गावात उतरलो. मी पुढे, हातात मोबाईल, मोबाईलवर माझा नकाशा आणि त्यात आम्ही कुठे आहोत ते दाखवणारा ठिपका. डावीकडे वळलं की पहिला तलाव, मी जाहीर केलं. डावीकडे वळलो. ठिपका निळ्या चौकोनाच्या बरोबर मधोमध आला.

आणि आम्ही द्राक्षांच्या बागेत उभे होतो.

वर लोखंडी कमानींवर पांढरं प्लास्टिक ताणलेलं. अवकाळी पावसाने घड खराब होऊ नयेत म्हणून बागेवर घालतात, ते. उन्हात नुसतं लखलखत होतं. उपग्रहाने तेवढंच बघितलं होतं, आणि मी उपग्रहाएवढंच.

सर हातात दोरी घेऊन उभे. त्यांनी खाली कोरड्या मातीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "पाणी वरच्या बाजूला आहे का?"

म्हटलं, एखादा अपवाद असतोच, मॅडम, पुढचा तलाव बघू. पुढे द्राक्षं. त्याच्या पुढे द्राक्षं. एव्हाना वर्गाने दुःख बाजूला ठेवून खायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात आत्या आम्हाला शोधत आली. "अगं, तळं बघायचंय ना? मग बागेत काय हिंडताय? तळं पलीकडं हाय."

माझ्या जिवात जीव आला. एक तर एक, पण तळं आहे! सगळे धावलो. होतं खरंच. तळाशी थोडं पाणी, वर हिरवंगार शेवाळ. सरांनी एकदाची दोरी सोडली. वजन जेमतेम भिजलं, पण भिजलं.

मॅडमनी माझ्या मोबाईलकडे बोट केलं. "या जागी तुझ्या नकाशात काय आहे?"

मी पाहिलं आणि हळूच वाचून दाखवलं, "पडीक जमीन." शेवाळामुळे सॉफ्टवेअरने तिथे गवताळ पडीक जमीन दाखवली होती. अहो, गावभर पाणीच पाणी केलं आणि खरं पाणी होतं तेवढं आटवलं!

"पडीक?" आत्याला ते लागलंच. "लय राबून केलंय ते तळं. पडीक नाय म्हणायचं."

बसकडे परतताना मात्र मी हिशेब मांडू लागले. वर्ष जातंय, डिग्री जातेय, घरी काय सांगू? शेवटी मीच विचारलं, "मॅडम, मी नापास का?"

"नापास करायला प्रोजेक्ट व्हावा लागतो," मॅडम म्हणाल्या. "तुझा अजून झालेला नाही. परीक्षेपर्यंत वेळ आहे. पायी फिर."

मग काय! बाडबिस्तरा उचलला आणि आत्याकडे मुक्काम ठोकला. काढणी झाली की प्लास्टिक उतरवतात, म्हणून त्याच्या आत सगळी शेतं गाठायची होती. उन्हाने रंग उतरला, चपला झिजल्या, आणि गावाने माझं नाव 'तलाववाली' ठेवलं. बांधावरून जाताना लोक आदराने विचारायचे, ताई, आज कोणता तलाव? एकेक निळा चौकोन मी माझ्या पायांनी चालून द्राक्षबाग केला. आत्याच्या तळ्यातही पाणी भरलं, नकाशात.

तोंडी परीक्षेला परत त्याच मॅडम. या वेळी त्यांनी विचारलेल्या प्रत्येक शेताची मला माहिती होती. पटापट उत्तरं दिली. शेवटी राहिला नेहमीचा प्रश्न: या अभ्यासाची सगळ्यात मोठी मर्यादा कोणती? इथे सगळे सांगतात, वेळ अपुरा होता, फोटो अस्पष्ट होता.

मी ताठ बसून म्हटलं, "मी, मॅडम."

मॅडमनी मार्क लिहिता लिहिता मानसुद्धा वर केली नाही. "बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि हे तपासायला फील्डवर जायची गरज नाही."