पायाळूची लाथ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. आमच्याकडं अशा माणसाला भलताच मान. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूला गाठायचं, त्यानं दुखऱ्या जागी तीन लाथा हळूच मारायच्या, आणि दुखणारं माणूस वयानं मोठं असेल तर लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं. लग्न होऊन मी तलवाड्याकडच्या या गावात आले, तर माझ्या आधी माझा हा गुण सासरी पोचलेला.

आता गंमत अशी की मी गावची आशाताई. औषधांची पिशवी घेऊन घरोघर फिरते. तोंडाची फटकळ आहे मी. लेकराला ताप आला नि कुणी अंगारा लावत बसलं की त्याची चांगली खरडपट्टी काढते, मग तो गावचा पुढारी का असेना. पण उसण भरली म्हणून कुणी दारात आलं की गुपचूप चप्पल काढायची. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. एरवी मी सांगितलेलं या कानानं ऐकून त्या कानानं सोडणारी माणसं तेव्हा मुकाट पाठ करून उभी राहायची.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या चुलत सासूबाई सकाळीच आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सत्तरीला टेकलेल्या, अंगानं काटकुळ्या. "बाई, लई उसण भरली. टाक पाय," म्हणाल्या.

त्या दिवशी लसीकरण होतं, मी घाईत. दुसरं कुणी कंबर धरून आलं असतं तर मी विचारलं असतं, कधीपासून दुखतंय, कशानं दुखतंय, पडलात का? आमच्याकडून ते घोकूनच घेतलंय. त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. दोनदा मी नुसता पाय लावल्यासारखं केलं.

"जोरात घाल की! भाकर खाल्ली न्हाईस का?"

तिसरी मी घातली. आत्याबाई "आई गं" करून खाली बसल्या त्या उठेचनात. उजव्या पायाला मुंग्या आल्या म्हणाल्या. आणि मग, अगदी सहज, म्हणाल्या, "काल कडब्याच्या गंजीवरून पडलते ना, तवाधरनं दुखतंय."

मी त्यांना तिथंच आडवं केलं.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत दीर, रानात होता. त्याला बोलावलं, गाडी केली, बीडला हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं. मीही गेले, ड्यूटीच्या साडीवर, गळ्यात ओळखपत्र. फोटो काढला. कमरेचा मणका दबला होता. डॉक्टर माझ्याकडंच बघून म्हणाले, "ताई, पडल्यावर कुणी चोळलं, लाथबिथ मारली का? खरं सांगा."

"न्हाई सर," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला समजावलं. कसलं निघून जातंय! चांगलं कळत होतं मला. आशाताईनं लाथ मारली हे कळलं असतं तर काम गेलं असतं, गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मग एका रात्रीत एवढं कशानं वाढलं? आजी, पडल्यावर काही उचललं का?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "व्हय. हंडा उचलला."

तिथनं पुढं तीन महिने त्या पट्टा बांधून खाटेवर. आणि त्या तीन महिन्यांत दिरानं त्यांना काही कमी ऐकवलं नाही. "कावून उचलला हंडा? घरात मानसं मेलीती का? आता भोग!" त्याची वेचणी बुडाली होती, त्याचाही जीव मेटाकुटीला आला होता. मी रोज गोळ्या द्यायला जायची नि हे सगळं ऐकायची. गोळ्या मोजून द्यायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची, घरी यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एके दिवशी त्यांना उठवून बसवताना त्या कळवळल्या, आणि दीर खेकसला, "घे आनखी हंडे!" आत्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला राहवलं नाही.

"भाऊजी, हंडा न्हाई. पडल्या होत्या का हे न विचारता मी लाथ घातली. डॉक्टरला खोटं बोलले. त्यांना कायी बोलू नका, मला बोला."

मी आत्याबाईंचे पाय धरले आणि रडले, म्हटलं माफ करा, माझ्यामुळं तुमचे हाल झाले.

त्यांनी पाय मागं घेतले.

"लाथ मीच मागितलती," त्या म्हणाल्या. "तुझं काम जाऊ न्हाई म्हून दवाखान्यात मी गप बसले. मला वाटलं, घरी गेल्यावर तरी सांगशील ह्याला. पर ह्यो मला बोलत व्हता तवा तू रोज हितंच उभी व्हतीस."