सोजरबाईंच्या पापणीवरचे अंडे

शेलूबाजारच्या अलीकडे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर सोजरबाईंचा भाजीचा मळा आहे आणि त्यांच्या कुंपणाला लागून माझे घर. मी शिकलेला मनुष्य आहे. दोन विषयांत एम. ए. केले आणि त्या दोन्ही पदव्यांचा उपयोग बव्हंशी निरनिराळ्या कार्यालयांना तक्रारअर्ज लिहिण्यात झाला. सोजरबाई शाळेत गेल्या नाहीत. कोणाचे म्हणणे खरे निघावे यासंबंधीची व्यवस्था आमच्या भागात फार पूर्वीच बिघडली आहे, एवढेच मी म्हणेन.

सोजरबाईंकडे उघड्या मानेच्या काळ्या कोंबड्यांचा वाण होता. मानोऱ्याजवळच्या माहेराहून लग्नानंतर त्यांनी एक कोवळी तलंग कोंबडी ओच्यात घालून आणली आणि चाळीस वर्षे तोच वंश त्यांच्या अंगणात नांदला. गेल्या उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. लसीकरणाचा फलक साथ ओसरल्यावर लागला, हे ओघाने आलेच. त्या साथीतून एकच कोंबडी वाचली. ती माघात तेरा अंड्यांवर खुडूक बसली आणि नवव्या दिवशी, भर दुपारी दाणे टिपायला टोपल्यातून उतरली असता तिला मुंगसाने नेले.

सोजरबाई रडल्या नाहीत. टोपल्यात हात घालून म्हणाल्या, "अंडे गरम हायेत अजून. रूपाली, तुमच्या गटाची पेटी काढ."

रूपाली त्यांची सून. तिच्या बचत गटाला अंडी उबवण्याचे एक यंत्र मिळाले होते. प्रशिक्षणात भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. यंत्र चालवून दाखवायचे तेवढे राहिले. ते वर्षभर कपाटावर पडून होते.

"आत्याबाई, थे कोनीच चालवलं नाई अजून," रूपाली म्हणाली.

"कोंबडी पयल्यांदा बसते, थे काय कोनाले इचारून बसते? लाव."

पुस्तिका वाचण्यासाठी मला बोलावण्यात आले. तिच्यातील मराठीविषयी मी न बोललेलेच बरे. 'अंड्यास दिवसातून तीन वेळ वळण लावावे' असे एक वाक्य होते.

"अंड्यायले काय वळण लावता?" सोजरबाई म्हणाल्या. "गावातल्या पोट्ट्यायले लावा आंधी."

फिरवायचे म्हणजे काय, ते त्यांना ठाऊकच होते. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला त्यांनी कोळशाची रेघ ओढली. रूपालीने मोबाइलच्या उजेडावर अंडी धरून पाहिली. दोन कोरी निघाली. अकरांत लाल शिरांचे जाळे स्पष्ट दिसत होते. पेटीवर साडेसदतीसचा आकडा उमटला आणि पुस्तिकेप्रमाणे तो योग्य होता.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईंनी एक अंडे उचलून मिटलेल्या पापणीला लावले. मग दुसरे. मग तिसरे.

"थंडे हायेत, देवानंद."

"काकू, यंत्रावर साडेसदतीस आहे," मी म्हणालो, "आकडा खोटे बोलत नाही."

"कोंबडीखालचं अंडं डोयाले लावलं का कसं बरं वाटते. हे तसं नाई. तुह्या यंत्राले ताप आला असंन, अंड्यायले नाई आला."

चार दिवस त्या हेच म्हणत राहिल्या आणि चार दिवस मी त्यांना शास्त्र समजावून सांगितले. पाचव्या दिवशी रूपालीने आमचा वाद ऐकून कंटाळून घरातले तापाचे थर्मामीटर अंड्यांमध्ये ठेवले. ते फॅरनहाइटच्या सत्त्याण्णवावर थांबले. पाहिजे होते शंभराच्या आसपास, म्हणजे यंत्राच्या सेल्सिअसमधले साडेसदतीस.

यंत्राच्या उत्पादकाला मी त्याच दुपारी चार पानी अर्ज लिहिला. तोवर सोजरबाईंनी रूपालीकडून आकडा दीड अंशाने चढवून घेतला होता आणि पुन्हा पापणीला अंडे लावून "हां" म्हटले होते. अर्जाला उत्तर आलेले नाही.

एकविसावा दिवस उजाडला, मावळला. काहीच नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी मी स्पष्ट मत दिले की, गर्भ मेले असून अंडी फुटून दुर्गंधी सुटण्यापूर्वी ती पुरावीत.

"तू नऊ महिने मोजून जलमला होता काय रे?" सोजरबाईंनी विचारले. "हे चार दिवस गारठ्यात होते बिचारे. उशीर तर होईनच."

त्यांनी घमेल्यात कोमट पाणी घेतले, लाटा थांबू दिल्या आणि अंडी हलकेच सोडली. आम्ही तिघे वाकून पाहत राहिलो. पाणी निश्चल होते. एक अंडे आतून धक्का बसल्यासारखे आपणहून हलले. मग दुसरे, मग तीन-चार एकदम. सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी तो सभ्यपणा समजतो.

तेविसाव्या दिवशी सकाळी पहिली टोच पडली. ओले, दमलेले पिल्लू बाहेर आले आणि त्याची मान पिसांनी पूर्ण झाकलेली होती. दुसऱ्याचीही. तिसऱ्याचीही. अंड्यांचा बाप म्हणजे शेजारचा कोंबडा, तो साध्या मानेचा, त्यामुळे हे होण्यासारखेच होते. सोजरबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या.

चौथे पिल्लू बराच वेळ अर्ध्या कवचात अडकले होते. मग त्याने लाथ मारली. आधी आली एक लांबलचक, गुलाबी, बोडकी मान, आणि तिच्यामागून काळे अंग.

"आली वं माही बाई!" सोजरबाई ओरडल्या. "पाह्य रूपाली, कशी उघडी-बोडकी आली, मायसारखीच!"

दुपारपर्यंत नऊ पिल्ले झाली. चार उघड्या मानेची.

दुसऱ्या दिवशी नवीच अडचण निघाली. पिल्ले सुकली, उभी राहिली, पण तांदळाच्या कणीकडे पाहीनात. टिपायला शिकवते ती आई, आणि त्याविषयी पुस्तिका गप्प होती. सोजरबाईंनी जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरले, त्यावर कणी टाकली आणि नखाने टकटक करीत घशातून "कुट् कुट्" असा आवाज काढला. नऊच्या नऊ धावली.

पण बाजाराला जायचे होते. पालक आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून तयार होत्या आणि रूपालीने जीप थांबवून धरली होती.

"देवानंद, बस इथं. बोट मारत राह्य."

"काकू, मला अर्ज लिहायचे आहेत."

"लिवजो मंग. अन् नुसतं बोट नको मारू, थे येत नाईत तसे. कुट् कुट् म्हन."

जीप गेली. मी टकटक केली. पिल्ले माझ्याकडे संशयाने पाहत उभी राहिली. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिले. कोणी नव्हते. मग म्हटले.